अपूर्णाचा शेरा



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी बाराखडी गिरवली, त्या शाळेने आपल्या एका दिवंगत शिक्षकाच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी मला पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. तो स्वीकारताना थोडा संकोचही वाटतो. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत ते गुरुजी आम्हाला गणित शिकवत आणि त्या विषयात माझी गती बेताचीच होती. शिवाय आज मी निवडलेला विषय ऐकून आपल्यापैकी काही जणांना, मराठीच्या या निवृत्त प्राध्यापकाला झाले आहे तरी काय, असा प्रश्न पडण्याचा संभव आहे. मी बोलणार आहे ते मोटारगाडीविषयी. गाडीतल्या संगणकाला धुराच्या तपासणीसाठी सिद्ध कसे करतात, याविषयी.

विषयाकडे वळण्यापूर्वी गुरुजींची एक रीत सांगतो, कारण माझ्या मनात या विषयाचा धागा तिथूनच जुळला. वही तपासताना गुरुजी तीन शेरे देत. ‘बरोबर’, ‘चूक’ आणि ‘अपूर्ण’. पहिले दोन सर्वच शिक्षक देतात. तिसरा मात्र गुरुजींचा स्वतःचा होता. पुस्तकाच्या शेवटी छापलेले उत्तर पाहून ते वहीत उतरवायचे आणि मधल्या पायऱ्या गाळायच्या, ही आमची नेहमीची युक्ती. उत्तर तर बरोबरच असे. पण गुरुजी खाली लाल शाईने लिहीत, ‘अपूर्ण’. मी एकदा धीर करून विचारले, “गुरुजी, उत्तर बरोबर असताना गुण का नाहीत?” ते म्हणाले, “अरे, उत्तर बरोबर आहे, पण ते तू काढले आहेस का, हे मला अजून कळलेले नाही. कळले की गुण देईन.” ही ‘अजून कळलेले नाही’ची जागा त्यांनी ‘बरोबर’ आणि ‘चूक’ यांच्यामध्ये राखून ठेवली होती.

आता गाडीकडे येतो. 2022 च्या उन्हाळ्यात मी कॅलिफोर्नियात सान होजे येथे मुलीकडे राहत होतो. मुलगी एका रुग्णालयात नोकरी करते आणि तिथे गाडीवाचून कामावर जाता येत नाही. तिची गाडी 2011 सालची. त्या राज्यात पेट्रोलच्या जुन्या गाड्यांना, नोंदणीचे नूतनीकरण करताना, दर दोन वर्षांनी धुराची तपासणी करून घ्यावी लागते. या तपासणीला तिकडे ‘स्मॉग चेक’ म्हणतात. स्मॉग हा इंग्रजी शब्द धूर आणि धुके या अर्थांच्या दोन शब्दांना सांधून झालेला आहे. आपल्याकडेही त्याच धर्तीवर ‘धुरके’ असा सुरेख शब्द घडवला गेला.

या तपासणीला इतिहास आहे. जुलै 1943 मध्ये लॉस एंजेलिस शहरावर डोळ्यांना झोंबणारे दाट आवरण पसरले. युद्धाचे दिवस होते. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका काहींना आली. पुढे आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने या कोड्याचा उलगडा केला. ते तिथल्या विद्यापीठात अननसाच्या स्वादद्रव्यांचा अभ्यास करीत होते. मोटारी आणि तेलशुद्धीकरणाचे कारखाने यांतून निघणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो आणि तोच डोळ्यांना व फुफ्फुसांना बाधतो, हे त्यांनी 1950 च्या सुमारास दाखवून दिले. शत्रू बाहेरचा नव्हता; ज्याच्या त्याच्या दारात उभा होता. 1967 मध्ये कॅलिफोर्नियाने हवेच्या रक्षणासाठी स्वतंत्र मंडळ स्थापले, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष हेच शास्त्रज्ञ झाले. 1975 च्या गाड्यांपासून धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि 1984 पासून त्या राज्यात नियमित स्मॉग चेक सुरू झाले.

आरंभी ही तपासणी आपल्या पीयूसीसारखीच होती. सायलेन्सरमध्ये नळी घालायची आणि बाहेर पडणारे वायू मोजायचे. परंतु अशी चाचणी त्या दहा मिनिटांपुरतेच सांगते. ऐन परीक्षेच्या दिवशी शहाण्यासारखे वागून एरवी उनाडक्या करणारा विद्यार्थी तिच्या तावडीत सापडत नाही. म्हणून गाडीने आपले परीक्षण रोजच्या रोज, धावता धावता स्वतःच करावे, अशी कल्पना निघाली. 1996 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत ही यंत्रणा सक्तीची झाली. तिचे नाव ओबीडी, म्हणजे गाडीतच बसवलेली निदानयंत्रणा. सुकाणूचक्राच्या खाली सोळा टोकांची एक खोबण असते. तपासनीस तिथे तार जोडतो आणि गाडीच्या संगणकाशी संवाद करतो. 2015 पासून कॅलिफोर्नियात 2000 सालच्या व त्यानंतरच्या पेट्रोलगाड्यांच्या सायलेन्सरमध्ये नळी घालणे बंद झाले. यंत्रणेचे भाग जागेवर आहेत ना, डोळ्यांना दिसेल असा धूर निघत नाही ना, हे पाहतात आणि बाकीचे गाडीलाच विचारतात.

गाडी हे आत्मपरीक्षण करते कसे? त्या संगणकात अनेक लहान लहान चाचण्या असतात. त्यांना ‘मॉनिटर’ म्हणतात. विद्यार्थी मित्रहो, हा शब्द तुमच्या परिचयाचा आहे, कारण तुमच्या वर्गातही एक मॉनिटर असतो. गाडीतले काही मॉनिटर इंजीन चालू असेपर्यंत अखंड जागे असतात. ठिणगी चुकते आहे का, हवा आणि इंधन यांचे प्रमाण बिघडले आहे का, हे ते पाहतात. उरलेले मात्र विशिष्ट परिस्थितीची वाट पाहत बसतात. उदाहरणार्थ, कन्व्हर्टरच्या अलीकडे आणि पलीकडे प्राणवायू मोजणारे दोन सेन्सर असतात. अलीकडच्या सेन्सरचे माप सतत वरखाली होते. कन्व्हर्टर निरोगी असेल तर पलीकडच्याचे माप बरेचसे स्थिर राहते. दोघांचीही मापे सारखीच नाचू लागली, तर कन्व्हर्टर थकला असे संगणक समजतो. दुसरा एक मॉनिटर पेट्रोलची वाफ कुठे गळते का ते पाहतो. अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रातून होणारी गळतीही त्याला कळू शकते. टाकीचे झाकण सैल राहिले तरी तो तक्रार करतो.

दोष आढळला की संगणक त्याचा सांकेतिक क्रमांक नोंदवतो. साधारणपणे तोच दोष लागोपाठ दुसऱ्या फेरीतही दिसला, म्हणजे चालकापुढे इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. एका चुकीने बोभाटा करू नये, पण दुसरीकडे काणाडोळाही करू नये, हे शिक्षकाचेच धोरण म्हणायचे.

मुलीच्या गाडीत हा दिवा तपासणीच्या पंधरा दिवस आधी लागला. जवळच्या एका मेकॅनिकने हातातले यंत्र जोडले, प्राणवायूच्या सेन्सरला ऊब देणारी तार नादुरुस्त असल्याचा क्रमांक वाचला आणि एक कळ दाबून तो पुसून टाकला. दिवा विझला. “आता लगेच तपासणी उरकून घ्या,” असा सल्लाही त्याने दिला. आम्ही खूश झालो. दुसऱ्या दिवशी तपासणी केंद्रात गेलो. तपासनिसाने तार जोडली आणि काही मिनिटांत छापील कागद हातात ठेवला. दिवा विझलेला होता, तरीही गाडी उत्तीर्ण नव्हती. कागदावर एकेका मॉनिटरचे नाव होते आणि त्यांतल्या बहुतेकांपुढे एकच शब्द होता. त्याचा अर्थ, अपूर्ण.

साठ वर्षांनी मला तो शेरा पुन्हा भेटला होता.

मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही एवढे चेहरा पाडून बसू नका. गाडी नापास झालेली नाही. ती अजून परीक्षेलाच बसलेली नाही.” तिने नेमके मर्म सांगितले. दोषाचा क्रमांक पुसताना त्याच्याबरोबर गाडीने आजवर केलेल्या साऱ्या स्वपरीक्षांचे निकालही पुसले जातात. बॅटरी काढून पुन्हा जोडली तरी बहुधा तेच होते. ज्याच्या वहीची पाने फाडली, त्याच्या वहीत चुका नसतात हे खरे. पण त्याने अभ्यास केला आहे, असेही त्यावरून म्हणता येत नाही. तपासणीच्या सकाळी बॅटरीची तार सोडवून दिवा विझवण्याची युक्ती मनुष्यस्वभावाला सुचणार, हे नियम करणाऱ्यांनी ओळखले होते. म्हणूनच त्यांनी ‘दोष आहे’ आणि ‘दोष नाही’ यांच्या जोडीला ‘अजून सांगता येत नाही’ असे तिसरे उत्तर गाडीला शिकवून ठेवले.

एवढ्यावरच ते थांबले नाहीत. 2010 च्या सुमारापासून गाड्यांत दोषाची एक कायम नोंदही ठेवली जाते. ती कोणत्याही यंत्राने वा बॅटरी काढून पुसता येत नाही. संबंधित मॉनिटरने पुन्हा चाचणी घेऊन दोष नाहीसा झाल्याची खात्री केली, तरच संगणक ती आपणहून काढून टाकतो. जुलै 2019 पासून कॅलिफोर्नियात ही नोंद शिल्लक असल्यास गाडी अनुत्तीर्ण ठरते. मात्र नोंदी पुसल्यानंतर गाडी 200 मैल, म्हणजे सुमारे 320 किलोमीटर, धावली असेल आणि इंजीन थंडपणापासून तापण्याची आवर्तने किमान 15 झाली असतील, तर या कायम नोंदीकडे दुर्लक्ष करतात.

नोंदणीची मुदत जवळ येत होती. तेव्हा कामावरच्या कोणीतरी मुलीला एक आडवाट सुचवली. तपासणीच्या वेळी तार दुसऱ्याच निरोगी गाडीला जोडायची आणि तिचा निकाल आपल्या गाडीच्या नावावर चढवायचा, असे करून देणारी माणसे तिथेही असतात. आपल्याकडे परीक्षेला दुसराच उमेदवार बसवतात, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती. मुलगी दोन पाळ्यांमध्ये थकून आलेली होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी तत्काळ ‘नको’ म्हणालो, असे आज या व्यासपीठावरून सांगायला मला आवडले असते. पण मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “दम्याची मुले आणतात ना बाबा आमच्याकडे, त्यांच्या आईबापांना मी काय सांगू?” तो विषय तिथे संपला.

मग आम्ही सरळ मार्गाला लागलो. आपल्यापैकी ज्यांची मुले-नातवंडे तिकडे आहेत त्यांच्या उपयोगी पडावा, म्हणून तो क्रमवार सांगतो.

प्रथम खरा दोष दुरुस्त करावा. आम्ही दुसऱ्या गॅरेजमध्ये तो सेन्सरच बदलून घेतला. दोष कायम ठेवून मॉनिटर पूर्ण करण्याचा प्रयत्न म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी भरणे. चाचणी पूर्ण होताच दिवा पुन्हा लागतो. नोंदणीचे शुल्क मुदतीत भरून टाकावे. तपासणीचा कागद मागाहून दिला, तरी उशिराचा दंड त्यामुळे टळतो. टाकीचे झाकण नीट बसलेले असावे आणि टाकी साधारण पाव ते पाऊण भरलेली ठेवावी, कारण अगदी भरलेल्या किंवा रिकाम्या टाकीवर वाफेची चाचणी सुरूच होत नाही. मधल्या काळात बॅटरीला हात लावू नये आणि नोंदी पुन्हा पुसू नयेत. तसे केल्यास पाटी पुन्हा कोरी होते. किल्ली फिरवून इंजीन सुरू होण्यापूर्वी पिवळा दिवा क्षणभर लागतो की नाही, तेही पाहावे. तो मुळीच लागत नसेल, तर दिवाच काढून टाकल्याचा संशय घेऊन गाडी अनुत्तीर्ण करतात.

त्यानंतर गाडी चालवावी. पण कशीही नव्हे. गाडी रात्रभर, निदान आठ तास, उभी असावी, म्हणजे इंजिनाचे आणि बाहेरच्या हवेचे तापमान जवळपास सारखे होते. सकाळी इंजीन सुरू करून दोनतीन मिनिटे जागेवरच चालू द्यावे. मग वस्तीतल्या रस्त्यांवरून थांबत-निघत जावे. पुढे महामार्गावर ताशी 55 मैलांच्या आसपास एकाच वेगाने काही मिनिटे जावे. बाहेर पडण्याच्या रस्त्यावर, मागे गाडी नाही याची खात्री करून, ब्रेक न लावता नुसता पाय काढून वेग उतरू द्यावा. प्रत्येक कंपनीच्या गाडीचे पथ्य थोडे वेगळे असते. ते तिच्या पुस्तिकेत पाहावे. एका दिवसात सारे पूर्ण होईलच असे नाही, म्हणून आठवडाभराची सवड ठेवावी. कोणते मॉनिटर पूर्ण झाले हे पाहण्याचे लहानसे यंत्र बाजारात स्वस्तात मिळते. ते खोबणीत जोडले की यादी मोबाइलवर दिसते. तपासणी केंद्राला उगाच खेपा घालाव्या लागत नाहीत.

रोज पहाटे आम्ही बापलेक 280 क्रमांकाच्या महामार्गावर जात असू. डावीकडे डोंगर, त्यांवर पॅसिफिकवरून आलेले धुके. धुरके नव्हे, धुके. मुलगी सरळ मार्गिकेत एकाच वेगाने गाडी हाकी आणि मी शेजारी बसून गुरुजींच्या गोष्टी सांगे. घरी आल्यावर ती यादी पाही. दुसऱ्या दिवशी सेन्सरची ऊब पूर्ण, तिसऱ्या दिवशी सेन्सर, पाचव्या दिवशी कन्व्हर्टर. वाफेची चाचणी तेवढी राहिली. पण कॅलिफोर्नियाच्या नियमात 2000 नंतरच्या पेट्रोलगाड्यांना ही एवढी एक चाचणी अपूर्ण असण्याची सवलत आहे, कारण ती हवामान आणि टाकीतली पातळी यांवर फार अवलंबून असते. इतर राज्यांत नियम निराळे आहेत. नियम कडक होता, पण अडचण समजून घेणारा होता. आठव्या दिवशी गाडी उत्तीर्ण झाली. पुढे तीन आठवड्यांनी वाफेची चाचणीही आपोआप पूर्ण झाली, तेव्हा मुलीने मला मुद्दाम ती यादी दाखवली. त्या वेळी ती दाखवण्याची सक्ती कोणीही केलेली नव्हती.

या सज्जन यंत्रणेलाही फसवता येते, हे सांगितले नाही तर माझे व्याख्यानही अपूर्ण राहील. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन कंपनीचा प्रकार उघडकीस आणला. तिच्या डीझेल गाड्यांतल्या संगणकाला, आपली तपासणी चालू आहे, हे ओळखता येत होते. तेवढ्या वेळात तो धुरावर पूर्ण नियंत्रण ठेवी आणि रस्त्यावर आल्यावर ते सैल सोडी. नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या 40 पटींपर्यंत बाहेर पडत. जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत हा कावा होता. म्हणजे परीक्षा ओळखायला शिकलेला, पण अभ्यास न करणारा तो विद्यार्थी होता. आणि त्याला तसे शिकवणारे उत्तम शिकलेले अभियंते होते.

हे वाचले तेव्हा मी कंपनीवर फार संतापलो होतो. आज तितका संताप उरलेला नाही, आणि त्याचे कारण आपल्यापुढे सांगणे मला आवश्यक वाटते. मी प्राध्यापक असताना, 1980 च्या दशकात, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एक गाइड लिहिले. नेमलेल्या पुस्तकांवरचे अपेक्षित प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरे. ते खूप खपले आणि त्या पैशांत माझ्या घराची एक खोली वाढली. पुष्कळ वर्षांनी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. ती स्वतः शिक्षिका झाली होती. मोठ्या आदराने ती म्हणाली, “सर, ती कादंबरी मी कधी वाचलीच नाही. तुमच्या गाइडवर मला पहिला वर्ग मिळाला.” तिच्या बोलण्यात कृतज्ञता होती. मी हसलो आणि घरी आलो. पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. मी तिला परीक्षा ओळखायला शिकवले होते. दिवा विझवून दिला होता. तिच्या उत्तरांवर ‘बरोबर’ असा शेरा पडला. माझ्या गुरुजींनी तिथे काय लिहिले असते, हे मला पक्के ठाऊक आहे.

तेव्हा शिक्षकबंधुभगिनींनो, मला आपल्याकडे एवढेच मागायचे आहे. मुलाच्या वहीत चूक दिसत नाही, यावर समाधान मानू नका. त्याने पायऱ्या चढल्या आहेत का, ते पाहा. नसतील तर त्याला नापास करू नका आणि उत्तीर्णही करू नका. ‘अपूर्ण’ लिहा आणि त्याला वेळ द्या. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वहीवर हा शेरा पडला, तर तो अपमान समजू नका. तुमच्याविषयी घाईने मत बनवायला कोणीतरी नकार दिला आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्या चाचण्या पुसलेल्या पाटीने पूर्ण होत नाहीत आणि एका रात्रीतही होत नाहीत. थंड सकाळी निघावे लागते, गर्दीतूनही जावे लागते आणि मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगाने, कोणी पाहत नसताना, बराच वेळ चालावे लागते.

गुरुजींच्या वर्गातले माझे एक गणित शेवटपर्यंत अपूर्णच राहिले. त्यांच्या हयातीत मी ते सोडवून दाखवले नाही. त्या गाइडविषयीची कबुली आज त्यांच्या नावाने होणाऱ्या या व्याख्यानात दिली आहे. तिला ते काय शेरा देतील, हे सांगण्याचा अधिकार मला नाही.